हंफ्री डेव्ही

सर हंफ्री डेव्ही (१७ डिसेंबर १७७८ – २९ मे १८२९) हे इंग्लंडमधील रसायनशास्त्रज्ञ होते. पोटॅशियम, सोडियम, कॅल्शियम इत्यादी धातू विजेच्या साहाय्याने प्रथम वेगळे करणारे संशोधक आणि खाणकामगारांच्या सुरक्षा-दिव्याचे जनक म्हणून ते सर्वपरिचित आहेत. समुद्राच्या पाण्यात बुडालेला जहाजाचा धातू गंजण्यापासून वाचवण्यासाठी त्याला दुसऱ्या, अधिक क्रियाशील धातूची जोड देण्याची पद्धतही त्यांनीच १८२४ मध्ये शोधली. पोलादी नौकांचे सुकाणू, पंख्याचा दांडा आणि पाण्याखालील इतर जोडकाम आज याच तत्त्वावर सुरक्षित राखले जाते. डेव्ही यांच्या हयातीत मात्र हा शोध फसलेला मानला गेला. त्यांच्या चरित्रांत या प्रकरणाला बहुधा एखाद-दुसराच परिच्छेद मिळतो. प्रस्तुत लेखात त्याला थोडी अधिक जागा दिली आहे.

बालपण आणि उमेदवारी

डेव्ही यांचा जन्म इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला असलेल्या कॉर्नवॉल परगण्यातील पेन्झान्स या बंदरगावी झाला. वडील रॉबर्ट डेव्ही लाकडावर कोरीवकाम करीत. पाच भावंडांत हंफ्री थोरले. १७९४ मध्ये वडील वारले, तेव्हा कुटुंबावर कर्ज होते. पुढील वर्षी हंफ्री यांना जॉन बिंगहॅम बोर्लेस या शल्यवैद्याकडे उमेदवारीस ठेवण्यात आले. औषधे कुटता-गाळताना त्यांना रसायनशास्त्राची गोडी लागली आणि लाव्हाझिए यांचा ग्रंथ वाचून त्यांनी त्या विषयाचा पाया स्वतःच घातला. महाविद्यालयीन शिक्षण त्यांना मिळाले नाही.

या काळात त्यांना दोन माणसांचा विशेष लाभ झाला. पहिले रॉबर्ट डंकिन. हे व्यवसायाने खोगिरे करणारे, पण हौशी प्रयोगकर्ते होते आणि त्यांनी आपली साधने या मुलापुढे मोकळेपणाने मांडली. दुसरे डेव्हिस गिडी. हे सधन आणि विद्वान गृहस्थ पुढे डेव्हिस गिल्बर्ट या नावाने प्रसिद्ध झाले. त्यांनी डेव्ही यांना आपला ग्रंथसंग्रह खुला केला.

पेन्झान्सजवळच हेल नावाचे बंदर आहे. तेथील पाणी अडवणाऱ्या दरवाजांत तांबे आणि लोखंड एकमेकांना लागून बसवलेले होते व ते खाऱ्या पाण्यात भिजत. त्यातील लोखंड विलक्षण वेगाने झिजत असे. त्या वेळी या झिजेचे कारण कोणालाच ठाऊक नव्हते. व्होल्टा यांचा विद्युत्घट जगासमोर येण्यास अजून काही वर्षांचा अवकाश होता. तरुण डेव्ही यांना हा चमत्कार परिचयाचा होता. पंचवीस-तीस वर्षांनंतर नौदलाचा प्रश्न त्यांच्यापुढे आला, तेव्हा त्याचे मूळ त्यांनी बालपणी पाहिलेल्या या दरवाजांतच होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

ब्रिस्टल ते लंडन

१७९८ मध्ये डेव्ही ब्रिस्टल येथे टॉमस बेडोज यांच्या वायुचिकित्सा संस्थेत दाखल झाले. तेथे त्यांनी नायट्रस ऑक्साइड या वायूचे स्वतःवर प्रयोग केले व १८०० मध्ये त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. या वायूने वेदना शमते, तेव्हा शस्त्रक्रियेत त्याचा उपयोग होऊ शकेल, अशी सूचना त्या ग्रंथात आहे. ती चार दशके तशीच पडून राहिली.

१८०१ मध्ये ते लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आले. त्यांच्या व्याख्यानांना लंडनमधील प्रतिष्ठितांची गर्दी लोटत असे. मात्र त्यांचे खरे कार्य तळघरातील प्रयोगशाळेत चालले होते. १८०६ च्या आपल्या प्रसिद्ध व्याख्यानात त्यांनी असे प्रतिपादन केले की, रासायनिक आकर्षण आणि विद्युत् आकर्षण यांच्या मुळाशी एकच शक्ती आहे. पदार्थाची विद्युत्-अवस्था बदलता आली, तर त्याची रासायनिक वागणूकही बदलता येते, हा त्याचा मथितार्थ. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात युद्ध सुरू असतानाही फ्रेंच विद्वत्सभेने या कार्यासाठी त्यांना पारितोषिक दिले. १८०७ मध्ये त्यांनी पोटॅशियम व सोडियम आणि १८०८ मध्ये कॅल्शियम, बेरियम, स्ट्राँशियम व मॅग्नेशियम हे धातू विजेच्या साहाय्याने मुक्त केले. क्लोरीन हे संयुग नसून मूलद्रव्य आहे, हे त्यांनी १८१० मध्ये सिद्ध केले. त्या वायूचे नावही त्यांनीच ठेवले.

१८१२ मध्ये त्यांना 'सर' ही पदवी मिळाली. त्याच महिन्यात त्यांचा जेन ॲप्रिस या धनाढ्य विधवेशी विवाह झाला. त्याच वर्षी नायट्रोजन ट्रायक्लोराइड या संयुगाच्या स्फोटात त्यांच्या डोळ्यांस इजा झाली. लेखनाच्या मदतीसाठी मायकेल फॅरेडे हा बांधणी-कारखान्यातील तरुण त्यांच्याकडे आला आणि १८१३ मध्ये तो त्यांचा साहाय्यक झाला. १८१५ मध्ये त्यांनी कोळशाच्या खाणींसाठी बारीक तारेच्या जाळीचा सुरक्षा-दिवा तयार केला. त्याचे एकस्व त्यांनी घेतले नाही. जॉर्ज स्टीफन्सन यांनीही त्याच सुमारास दिवा बनवल्यामुळे श्रेयाचा वाद मात्र बराच रंगला. १८२० मध्ये डेव्ही रॉयल सोसायटीचे अध्यक्ष झाले.

जहाजांच्या तळाचा प्रश्न

त्या काळची जहाजे लाकडी असत. उष्ण समुद्रात टेरेडो हा किडा लाकूड पोखरतो. शिवाय तळावर शेवाळ आणि बार्नेकलसारखे कवचधारी जीव साचून जहाजाची गती मंदावते. यावर उपाय म्हणून ब्रिटिश नौदलाने १७६१ मध्ये 'अलार्म' या युद्धनौकेच्या तळाला तांब्याचे पातळ पत्रे जडवले. वेस्ट इंडीजच्या सफरीनंतर ती नौका तपासली, तेव्हा तांबे ठीक होते; पण त्याला टेकलेले लोखंडी खिळे पार खाल्ले गेले होते. मात्र पत्र्यांची बांधणी ज्या कागदात आली होती, तो कागद काही ठिकाणी चुकून खिळा आणि पत्रा यांच्यामध्ये राहून गेला होता आणि तेथील खिळे शाबूत होते. दोन धातूंचा प्रत्यक्ष स्पर्श टाळावा, एवढा बोध नौदलाने घेतला. पुढे लोखंडाऐवजी तांब्याच्या मिश्रधातूचे खिळे वापरात आले. कारणाचा उलगडा मात्र झाला नव्हता.

लोखंडाचा प्रश्न अशा रीतीने टळला, तरी तांबे स्वतः समुद्राच्या पाण्यात झिजत होतेच. काही जहाजांवरील पत्रे थोड्या वर्षांतच चाळणीसारखे होत. तांब्यातील भेसळ हे याचे कारण असावे, असा समज होता. पत्रे सारखे बदलणे खर्चाचे असल्याने १८२३ मध्ये नौदलाने रॉयल सोसायटीचा सल्ला मागितला. सोसायटीने समिती नेमली. परंतु काम अध्यक्षांनी स्वतःच अंगावर घेतले.

संरक्षकांचा शोध

डेव्ही यांनी आधी भेसळीची कल्पना तपासली आणि ती अपुरी ठरवली. शुद्ध तांबेही समुद्राच्या पाण्यात झिजते. त्यासाठी पाण्यात विरघळलेली हवा आणि क्षार पुरेसे असतात. मग त्यांनी आपल्या १८०६ च्या सिद्धांताकडे वळून विचार केला. तांबे समुद्राच्या पाण्यात किंचित धनविद्युत् अवस्थेत असते, म्हणून त्यावर क्रिया होते. तीच अवस्था थोडी ऋण केली, तर क्रिया थांबली पाहिजे. यासाठी विद्युत्घट लागत नाही. तांब्याला अधिक क्रियाशील धातूचा एक तुकडा जोडला, की समुद्राचे पाणी, तांबे आणि तो तुकडा मिळून एक घटच तयार होतो. या घटात तुकडा झिजतो आणि तांबे वाचते.

पहिल्या प्रयोगात त्यांनी घासून चकचकीत केलेल्या तांब्याला कथिलाचा लहानसा तुकडा डाख देऊन जोडला. त्याचे क्षेत्रफळ तांब्याच्या सुमारे विसाव्या हिश्श्याइतके होते. काही दिवसांनी हे तांबे स्वच्छ होते आणि शेजारच्या भांड्यातील नुसते तांबे खाल्ले गेले होते. पुढे त्यांनी जस्त आणि लोखंड वापरले आणि प्रमाण कमी करत नेले. वाटाण्याएवढे जस्त किंवा लहानशा खिळ्याचे टोक चाळीस-पन्नास चौरस इंच तांब्याला पुरते, असे त्यांना आढळले. संरक्षक कोठे जोडला आहे याने फारसा फरक पडत नसे. मात्र धातूचा धातूला जोड अखंड असावा लागे. जोड तुटला, की संरक्षण संपले.

२२ जानेवारी १८२४ रोजी त्यांनी हा शोध रॉयल सोसायटीपुढे निबंधरूपाने मांडला. नंतर पोर्ट्समथ आणि चॅटम येथील नौदलाच्या गोद्यांमध्ये फॅरेडे यांच्या मदतीने मोठ्या पत्र्यांवर आणि होड्यांवर प्रयोग झाले. संरक्षकाचे क्षेत्रफळ तांब्याच्या चाळिसाव्या ते दीडशेव्या हिश्श्यापर्यंत असले, तर तांब्याचे वजन मुळीच घटत नाही. त्याहून कमी असले, तर थोडे घटते, असे निष्कर्ष निघाले. या कामासाठी बीड, म्हणजे ओतीव लोखंड, सर्वांत सोयीचे ठरले. ते स्वस्त होते आणि जस्तापेक्षा अधिक काळ टिकत होते.

या प्रयोगांतच एक अडचणीची गोष्टही दिसून आली होती. संरक्षक प्रमाणाबाहेर मोठा असेल, तर तांब्यावर चुना आणि मॅग्नेशिया यांचा पांढरा थर बसतो आणि त्या थरावर शेवाळ व शिंपले सहज चिकटतात. डेव्ही यांनी ही गोष्ट लपवली नाही. निबंधात ती नमूद आहे. योग्य प्रमाण सापडले, की तांबे झिजणार नाही आणि तळही स्वच्छ राहील, अशी त्यांची खात्री होती. सारा डाव या खात्रीवर लावलेला होता.

समुद्रावरील कसोटी

प्रत्यक्ष वापरासाठी निवडलेल्या पहिल्या जहाजांत 'समरंग' ही २८ तोफांची युद्धनौका होती. ती कोचीन येथे सागवानात बांधलेली असून तिचे तांबेही हिंदुस्थानातच जडवलेले होते. तिच्या नाळेकडे दोन आणि पिछाडीस दोन असे बिडाचे ठोकळे बसवण्यात आले. त्यांचे एकूण क्षेत्रफळ तांब्याच्या सुमारे ऐंशीव्या हिश्श्याइतके होते. ही नौका नोव्हा स्कोशियाची सफर करून १८२५ च्या जानेवारीत परतली. तिचा तळ शेवाळाने आणि शिंपल्यांनी भरून गेल्याच्या बातम्या वृत्तपत्रांत आल्या. डेव्ही स्वतः पोर्ट्समथला गेले. त्यांच्या पाहणीप्रमाणे मागच्या ठोकळ्यांभोवतीचा थोडा भाग वगळता तळ स्वच्छ होता आणि बातम्या निराधार होत्या. कलकत्त्याची खेप करून आलेले 'कार्न ब्रे कॅसल' हे व्यापारी जहाजही तांबे लखलखीत ठेवून थेम्समध्ये परतले.

दरम्यान १८२४ च्या उन्हाळ्यात डेव्ही 'कॉमेट' या नौदलाच्या वाफेच्या नौकेतून नॉर्वे, स्वीडन आणि डेन्मार्कपर्यंत जाऊन आले. चालत्या जहाजावर संरक्षकांचे वर्तन पाहणे हा या सफरीचा एक उद्देश होता. या प्रवासात कोपनहेगन येथे ओर्स्टेड आणि हेल्सिंगबोर्ग येथे बर्झेलियस यांची भेट झाली.

इतर जहाजांकडून मात्र वाईट वार्ता येऊ लागल्या. विशेषतः उष्ण समुद्रांतून परतलेल्या जहाजांचे तांबे नवे असावे तसे होते, पण त्यावर बार्नेकलांचे जाड थर साचले होते आणि जहाजे सुकाणूला दाद देत नव्हती. तांबे झिजते तेव्हा त्याचे विषारी क्षार पाण्यात उतरतात आणि चिकटू पाहणारे जीव मरतात. तळ स्वच्छ राहतो तो या झिजेमुळेच. डेव्ही यांनी झीज थांबवली आणि तिच्याबरोबर विषही थांबले. नौदलाला तांब्याचे पत्रे टिकवायचे होते हे खरे. पण पत्रे मुळात ज्या कामासाठी लावले होते, तेच काम त्यांनी बंद केले. १८२५ मध्ये समुद्रावर जाणाऱ्या जहाजांवरील संरक्षक काढून टाकण्याचा हुकूम निघाला. बंदरात उभ्या असलेल्या जहाजांवर ते आणखी काही काळ राहिले.

डेव्ही यांची बरीच थट्टा झाली. प्रयोगशाळेतील पंडिताने दर्यावर्दी माणसांना शिकवायला जाऊ नये, असा तिचा सूर होता. यात डेव्ही यांचा दोष नव्हताच असे नाही. भांड्यातल्या आणि गोदीतल्या काही महिन्यांच्या प्रयोगांवरून त्यांनी यशाची जाहीर खात्री दिली. दोन-तीन जहाजे उष्ण कटिबंधात वर्षभर फिरवून पाहण्याइतका धीर त्यांनी धरला नाही. तथापि त्यांचे रसायनशास्त्र कोठेही चुकले नव्हते. तांबे वाचवण्याचे जे वचन त्यांनी दिले, ते संरक्षकांनी प्रत्येक जहाजावर पाळले.

फॅरेडे यांच्याशी संबंध

याच काळात फॅरेडे यांना रॉयल सोसायटीचे सदस्यत्व देण्याचा प्रस्ताव आला. अध्यक्ष असलेल्या डेव्ही यांनी त्यास विरोध केला. तरीही जानेवारी १८२४ मध्ये, म्हणजे तांब्यावरील पहिला निबंध वाचला गेला त्याच महिन्यात, फॅरेडे निवडून आले. विरोध करणाऱ्या गुरूसाठी गोदीत भांडी मांडण्याचे आणि पत्रे तोलण्याचे काम फॅरेडे यांनी त्यानंतरही केले. धनाग्र आणि ऋणाग्र या संकल्पनांना नावे मिळाली ती फॅरेडे यांच्याच १८३४ च्या लेखनातून. त्यामुळे आज ज्याला ऋणाग्री संरक्षण म्हणतात, त्याच्या जनकाला हे नाव कधी ऐकायला मिळाले नाही.

अखेरची वर्षे

१८२६ च्या अखेरीस डेव्ही यांना पक्षाघाताचा झटका आला. १८२७ मध्ये त्यांनी अध्यक्षपद सोडले. त्या जागी डेव्हिस गिल्बर्ट आले. पेन्झान्सच्या मुलाला पुस्तके देणारे तेच गिडी. प्रकृतीसाठी डेव्ही युरोपात हिंडत राहिले. मासेमारीवरील त्यांचे 'साल्मोनिया' हे पुस्तक १८२८ मध्ये प्रसिद्ध झाले. २९ मे १८२९ रोजी जिनीव्हा येथे वयाच्या ५० व्या वर्षी त्यांचे निधन झाले आणि तेथील प्लेनपाले दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले. त्यांना अपत्य नव्हते. धाकटे बंधू जॉन डेव्ही यांनी त्यांचे चरित्र लिहिले.

शोधाचा पुढील प्रवास

लाकडी जहाजे मागे पडून लोखंडी जहाजे आली, तेव्हा प्रश्नाचे स्वरूप बदलले. आता वाचवायचा धातू लोखंड हाच होता, आणि लोखंडाच्या गंजाने कोणतेही जीव मरत नव्हते. म्हणजे झीज थांबवण्यात तोटा काहीच नव्हता. १८४० च्या आसपास रॉबर्ट मॅलेट यांनी लोखंड व समुद्राचे पाणी यांचा विस्तृत अभ्यास केला. जस्ताच्या ठोकळ्यावर काही काळाने थर जमून त्याचे काम मंदावते, ही अडचण त्यांच्याही अनुभवास आली. जस्तात अल्प प्रमाणात मिसळलेले लोखंड हे याचे मुख्य कारण होते, हे विसाव्या शतकात स्पष्ट झाले. १९५० नंतर अतिशुद्ध जस्त, आणि पुढे खास मिश्रणाचे ॲल्युमिनियम वापरात आल्यावर या पद्धतीचा सर्वत्र प्रसार झाला. जीव मारण्याचे काम तळाला लावल्या जाणाऱ्या वेगळ्या विषारी रंगाकडे सोपवण्यात आले. डेव्ही यांच्या तांब्याला जी दोन कामे एकट्याने करावी लागत होती, ती अशी दोन ठिकाणी वाटली गेली.

आजच्या पोलादी नौकेत सर्वांत अधिक धोका असतो तो पंख्याजवळ. पंखा बहुधा पितळेचा किंवा काशाचा असतो आणि त्याच्या सान्निध्यातील पोलादी दांडा, सुकाणू व तळाचा पत्रा हेलच्या दरवाजांतील लोखंडासारखेच झिजू लागतात. म्हणून या भागाभोवती जस्ताचे किंवा ॲल्युमिनियमचे ठोकळे बसवतात. गोड्या पाण्याची वाहकता कमी असल्याने तेथे मॅग्नेशियम वापरतात. ठोकळा बसवण्याची जागा खरवडून धातू उघडा करावा लागतो. ठोकळ्यावर रंग लावायचा नसतो. रंगवलेला ठोकळा काहीच संरक्षण देत नाही आणि तळ रंगवताना ही चूक सहज घडते. ठोकळा निम्म्याच्या आसपास झिजला, की नवा बसवतात. बराच काळ पाण्यात राहूनही तो मुळीच झिजला नसेल, तर ती शुभ खूण नव्हे. कोठे तरी जोड तुटला आहे, असे समजून तपासणी करावी लागते.

स्मृती

पेन्झान्स येथे १८७२ मध्ये डेव्ही यांचा पुतळा उभारण्यात आला. पुतळ्यासोबत खाणकामगारांचा दिवा दाखवलेला आहे. त्या दिव्याबद्दल कृतज्ञता म्हणून न्यूकॅसलच्या खाणमालकांनी त्यांना १८१७ मध्ये चांदीची भांडी भेट दिली होती. ती पुढे बंधू जॉन यांच्याकडून रॉयल सोसायटीकडे आली. त्यांच्या विक्रीतून 'डेव्ही पदक' सुरू झाले. १८७७ मध्ये पहिले पदक बुन्सेन आणि किर्खहोफ यांना मिळाले.